विश्लेषण : ‘कोणतं ॲप घेऊ?’ हा प्रश्न प्राध्यापकांनी सर्वात शेवटी का विचारावा?

रविवारी सकाळी मावसभावाचा फोन आला. तो तालुक्याच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले, तितकेच पैसे.

‘‘अगं, तू इंजिनीअर आहेस, शिवाय ऑनलाइनमध्येच काम करतेस. एक चांगलं ॲप सांग. कॉलेजचं म्हणणं आहे, पुढच्या महिन्यापासून प्रत्येकानं काहीतरी ऑनलाइन वापरायचं. परवा एका कंपनीचा माणूस डेमो देऊन गेला. महिनाभर फुकट आहे. घेऊ का?’’

मी विचारलं, ‘‘दादा, त्यावर तू काय करणार?’’

‘‘नोट्स टाकणार, पीपीटी टाकणार, लेक्चरचे व्हिडिओ टाकणार.’’

‘‘आणि मुलं काय करणार?’’

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, ‘‘बघतील.’’

हा संवाद आज राज्यातल्या अनेक महाविद्यालयांत वेगवेगळ्या शब्दांत होत असणार. साधनांची कमतरता नाही, उलट गर्दी आहे. गुगल क्लासरूम, मूडल, स्वयं, यूट्यूब, व्हॉट्सॲप, शिवाय दर महिन्याला येणारी नवी कंपनी. यातून निवडायचं कसं? माझं मत आधीच सांगते. ऑनलाइन साधन निवडताना एकच कसोटी लावावी : कोणत्या मुलाला काय कळलेलं नाही, हे ते शिक्षकाला परीक्षेच्या आधी सांगतं का? सांगत असेल तर ते साधं असलं तरी चालेल. सांगत नसेल तर कितीही महाग असलं तरी ती फाइल ठेवायची जागा आहे, त्यापलीकडे काही नाही. असं का, ते पाहू.

ऑनलाइन शिकवण्यात गाडी अडते कुठे?

शिकवण्यात माहिती दोन दिशांनी जाते. एक शिक्षकाकडून मुलांकडे : व्याख्यान, नोट्स, व्हिडिओ. दुसरी मुलांकडून शिक्षकाकडे : चुकलेलं उत्तर, अर्धवट प्रश्न, कपाळावरची आठी. वर्गात दुसरी दिशा आपोआप चालते. शिक्षक फळ्याकडून वळतो, तिसऱ्या बाकावरचा चेहरा पाहतो आणि म्हणतो, ‘‘पुन्हा सांगतो.’’

ऑनलाइन आल्यावर पहिली दिशा फार सोपी होते आणि दुसरी जवळजवळ बंद पडते. हजार पानांची पीडीएफ एका क्लिकवर जाते. ती वाचली का, वाचली तर समजली का, याचा पत्ता लागत नाही. आपण खरेदी करतो ती बहुतेक साधनं पहिल्याच दिशेची असतात, कारण डेमोमध्ये तीच चांगली दिसतात.

मी हे स्वतः पाहिलंय. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या सत्राला होते. आठवडाभरात प्रत्येक विषयाचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार झाला आणि त्यावर पीडीएफचा पाऊस सुरू झाला. फोनची मेमरी भरली की आम्ही त्या न उघडताच डिलीट करायचो. व्हिडिओ लेक्चरला हजेरी लागायची आणि हजेरी लागली की कॅमेरा बंद, माइक बंद, माणूस स्वयंपाकघरात.

एका सरांनी मात्र एकही व्हिडिओ केला नाही. ते दर शुक्रवारी रात्री गुगल फॉर्मवर तीन प्रश्न पाठवायचे. गुण नाहीत, नाव लिहिण्याची सक्ती नाही. सोमवारच्या तासाची पहिली दहा मिनिटं जे उत्तर सर्वाधिक मुलांचं चुकलं, त्यावर जायची. ‘‘बऱ्याच जणांनी ब पर्याय निवडलाय. ब का निवडावासा वाटतो, ते आधी पाहू,’’ असं म्हणून ते सुरुवात करायचे. आपण चुकलो म्हणून कुणी हसत नव्हतं, कारण निम्मा वर्ग आपल्याबरोबर चुकलेला असायचा. त्या सत्रातला तोच एक विषय मला आजही नीट आठवतो.

यामागे काही अभ्यास आहे, की फक्त आठवणी?

अभ्यास आहे आणि बराच आहे. त्यातले तीन प्राध्यापकांना थेट उपयोगी पडतील.

पहिला, २००६ मधला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला. दुसरा पुन्हा न वाचता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवत होता. आठवड्याने तपासलं तेव्हा चित्र उलटलं : आठवून लिहिलेल्या उताऱ्यातला सुमारे ५६ टक्के मजकूर आठवत होता, पुन्हा वाचलेल्यातला सुमारे ४२ टक्के. म्हणजे प्रश्न विचारणं ही फक्त मोजपट्टी नाही. उत्तर आठवण्याच्या धडपडीतच शिकणं होतं.

दुसरा, २०१४ मधला. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडेक्स या व्यासपीठावर व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी मुलं साधारणपणे जास्तीत जास्त सहा मिनिटं टिकत होती. आणखी एक गोष्ट दिसली : स्टुडिओतल्या चकचकीत चित्रीकरणापेक्षा शिक्षकाने आपल्या टेबलाशी बसून, समोरच्याशी बोलल्यासारखं केलेलं चित्रीकरण मुलांना जास्त धरून ठेवू शकतं. स्टुडिओ बांधायला निघालेल्या महाविद्यालयांनी हे एकदा वाचावं.

तिसरा, २०१९ मधला, हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा. ज्या तासाला मुलांनी स्वतः प्रश्न सोडवले, त्या तासाला ती जास्त शिकली. पण त्यांना विचारलं तर ‘आम्ही कमी शिकलो’ असं ती म्हणाली. उत्तम व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः सोडवताना अडखळायला होतं आणि अडखळणं म्हणजे न कळणं, असा समज होतो. म्हणून पद्धत बदलल्यावर पहिल्या महिन्यात मुलांनी कुरकुर केली तर घाबरून जाऊ नये. आपण असं का करतोय, हे पहिल्याच तासाला त्यांना सांगावं.

वर्गातला सर्वात साधा फोन कोणाचा?

साधन निवडण्याच्या बैठका वायफाय असलेल्या खोलीत, लॅपटॉपवर होतात. वापर मात्र एसटीच्या खिडकीत, चार वर्षं जुन्या फोनवर होतो.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत संगणक होता. शहरांत हे प्रमाण २३.४ टक्के होतं. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के, शहरात ४२ टक्के घरांत होती. त्यानंतर स्मार्टफोन खूप वाढले, पण ते वाढले संगणकाच्या जागी. बहुतेक मुलांची वही, ग्रंथालय आणि परीक्षेचा सराव एकाच पाच-सहा इंचांच्या पडद्यावर चालतो, आणि तो फोन कधी कधी धाकट्या भावंडाबरोबर वाटून घ्यावा लागतो.

आता साधं गणित करू. सेकंदाला ६४ किलोबिट वेगाने फक्त आवाज ऐकला तर तासाला सुमारे २९ एमबी डेटा जातो. सेकंदाला ५०० किलोबिटचा, म्हणजे फारसा स्पष्टही नसलेला व्हिडिओ पाहिला तर तासाला २२५ एमबी. असे दिवसाला चार तास झाले की ९०० एमबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमधला अर्ध्याहून जास्त भाग संपला आणि अजून कुणी घरी एक फोनही लावलेला नाही.

यावरून काही सोपे नियम निघतात.

• थेट व्हिडिओ तास हा सर्वात महाग प्रकार आहे. तो शंका विचारण्यासाठी राखून ठेवावा, वाचून दाखवण्यासाठी नाही.

• समजावून सांगायचं असेल तर पाच-सहा मिनिटांचा एकेक मुद्दा ध्वनिमुद्रित करून डाउनलोड करता येईल असा द्यावा.

• हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ जड असते आणि फोनवर वाचताना सतत मोठी करावी लागते. टाइप केलेली दोन पानं जास्त कामाची.

• कोणतंही साधन वर्गाला देण्याआधी वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, घरातल्या सर्वात जुन्या फोनवर स्वतः उघडून पाहावं. उघडायला चहा उकळण्याइतका वेळ लागला तर ते साधन बाद.

मग निवडायचं कसं? आधी काम, मग साधन

भावाला मी एक कागद घेऊन पाच कामं लिहायला सांगितली. शिकवण्यात ऑनलाइनची गरज मुख्यतः या पाच ठिकाणी लागते.

*पहिलं काम : सगळं एका जागी ठेवणं.* वेळापत्रक, साहित्य, गृहपाठाची तारीख. यासाठी गुगल क्लासरूम पुरेसं आहे. महाविद्यालयाकडे स्वतःचा सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस असेल तर मूडल. मूडलची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली, ते मुक्त स्रोत आहे आणि परवान्याचे पैसे लागत नाहीत. पण सॉफ्टवेअर फुकट म्हणजे सर्व्हर फुकट नव्हे आणि माणूसही फुकट नव्हे, हे हिशेबात धरावं. कोणतंही घ्या, पण सगळ्या विषयांना मिळून एकच घ्या. सहा विषयांचे सहा शिक्षक सहा ॲप वापरू लागले तर मुलांचा अर्धा वेळ पासवर्ड आठवण्यात जातो. व्हॉट्सॲप ग्रुप सूचनेपुरता ठीक आहे. साहित्य तिथे टाकलं की ते सुप्रभातच्या संदेशांखाली गाडलं जातं.

*दुसरं काम : समजावून सांगणं.* इथे सगळं स्वतः तयार करण्याची गरज नाही. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेचा एनपीटीईएल हा उपक्रम २००३ पासून सुरू आहे. स्वयं हे केंद्र सरकारचं व्यासपीठ २०१७ मध्ये आलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे धडे आहेत आणि त्यातले बरेच मराठीतही आहेत. ते ऐकता ऐकता शेजारी स्वतः करून पाहायचं, अशी त्यांची रचना आहे. मात्र ‘एनपीटीईएलचा व्हिडिओ बघून या’ एवढंच सांगणं म्हणजे ग्रंथालयाकडे बोट दाखवणं. कोणता व्हिडिओ, कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत आणि पाहताना कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं, हे सांगितलं तर तो धडा होतो.

*तिसरं काम : करून पाहायला देणं.* विज्ञानाच्या शिक्षकांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट ही आभासी प्रयोगांची मालिका विनामूल्य आहे आणि तिचे अनेक प्रयोग मराठीत उपलब्ध आहेत. गणितासाठी जिओजेब्रा. अभियांत्रिकीसाठी केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज, ज्यांत आयआयटींबरोबर पुण्याचं सीओईपीही सहभागी आहे. हे खऱ्या प्रयोगशाळेला पर्याय नाहीत. वायर सैल राहिली की रीडिंग का हलतं, हे पडद्यावर कळत नाही. पण प्रयोगाच्या आदल्या रात्री एकदा हात फिरवून आलेला विद्यार्थी प्रयोगशाळेत नुसता उभा राहत नाही.

*चौथं काम : विचारणं.* माझ्या मते सर्वात महत्त्वाचं आणि सर्वात स्वस्त. गुगल फॉर्मवर तीन प्रश्न. दोन बहुपर्यायी, आणि चुकीचे पर्याय मुलं खरोखर जशी चुकतात तसेच घडवलेले. तिसरा खुला : ‘या आठवड्यात काय कळलं नाही?’ फोन नसेल तर कागदाच्या चार कार्डांवर अ, ब, क, ड लिहून वर करायला सांगा. वर्गभर नजर फिरवली की निकाल कळतो.

*पाचवं काम : परत सांगणं.* चौथ्या कामातून जे कळलं, त्यावर पुढच्या तासाला दहा मिनिटं. यासाठी कोणतंही ॲप लागत नाही. खडू पुरतो. पण हे काम झालं नाही तर आधीची चार वाया जातात. तिसऱ्या आठवड्यानंतर मुलं फॉर्म भरणं सोडतात, कारण भरून काही होत नाही हे त्यांना कळलेलं असतं.

भाषेचं काय?

बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पदवीला इंग्रजीत गेलेल्या मुलांसाठी ऑनलाइनचा एक मोठा फायदा आहे आणि तो आपण क्वचित घेतो. वर्गात सगळ्यांसमोर इंग्रजीत शंका विचारायची हिंमत होत नाही. फॉर्मवर मराठीत लिहिता येतं, रोमन लिपीतलं मराठीही चालतं. प्रश्न मराठीत विचारावेत, पारिभाषिक संज्ञा मात्र विद्यापीठाच्या पेपरात येते तशी, इंग्रजीतली ठेवावी. मुलाला विषय कळला नाही, की प्रश्नच कळला नाही, हा फरक यातून समोर येतो. पेपर तपासताना तो दिसत नाही.

नियम काय म्हणतात?

ऑनलाइनचा आग्रह आता हौसेपुरता राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमाच्या एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयंवरून घेऊन त्यांचे श्रेयांक मिळवता येतात. २०१६ मध्ये ही मर्यादा २० टक्के होती. आयोगाने मे २०२१ मध्ये संमिश्र शिक्षणाचा मसुदाही मांडला. त्यात कोणत्याही विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना होती. नॅकच्या मूल्यांकनात शिक्षक माहिती तंत्रज्ञानाची साधनं वापरतात का, याची माहिती द्यावी लागते.

उद्देश चांगला आहे. पण ‘वापरतात का’ या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं असलं की किती व्हिडिओ अपलोड झाले, किती लॉगिन झाले, एवढंच मोजलं जातं. खुद्द स्वयंची रचना चार भागांची आहे : व्हिडिओ, वाचन साहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चामंच. महाविद्यालयांत उतरताना त्यातले पहिले दोन भाग येतात आणि शेवटचे दोन वाटेत गळतात. गळतात ते नेमके दुसऱ्या दिशेचे.

चॅटजीपीटी आल्यावर काय बदललं?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि ‘घरून लिहून अपलोड करा’ या गृहपाठाचा अर्थच बदलला. सुबक असाइनमेंट म्हणजे समजलेला विषय, असं आता धरता येत नाही. खरं तर आधीही धरता येत नव्हतं. वरच्या वर्गाची जर्नल उतरवण्याची परंपरा आपल्याकडे संगणकाआधीपासून आहे.

लेखन यंत्राचं की मुलाचं, हे ओळखून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नयेत, असं मला वाटतं. ती चुकतात आणि निर्दोष मुलावर ठपका बसला तर तो पुसता येत नाही. त्यापेक्षा असाइनमेंट छोटी करावी आणि सादर केल्यावर दोन मिनिटं तोंडी विचारावं : ‘‘ही पायरी का घेतलीस?’’ वर्ग मोठा असेल तर दर आठवड्याला दहाच मुलांना, चिठ्ठ्या टाकून. आपला नंबर कधीही लागू शकतो एवढं माहीत असलं तरी बहुतेक मुलं आपण काय सादर करतोय ते एकदा वाचतात.

खर्च कोणाच्या खिशातून?

या प्रश्नावर सर्वात कमी बोललं जातं. ऑनलाइन शिकवणं स्वस्त वाटतं, कारण त्याचा खर्च शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात गुपचूप वाटला जातो.

माझा भाऊ तासाचे पैसे घेतो. सहा मिनिटांचा बरा व्हिडिओ करायला त्याला संध्याकाळचे दोन-तीन तास लागतात. ते तास कोणत्याच नोंदवहीत नाहीत. पुढच्या वर्षी त्याची नेमणूक होईल की नाही माहीत नाही, पण त्याचे व्हिडिओ महाविद्यालयाच्या खात्यावर राहतील. ऑनलाइन साहित्य हवं असेल तर ते तयार करण्याचा वेळ कामाचे तास म्हणून धरला पाहिजे आणि साहित्यावर नाव कोणाचं, हे आधी लिहून ठरलं पाहिजे. एवढं न करता ‘प्रत्येकाने काहीतरी ऑनलाइन करा’ म्हणणं म्हणजे सीएचबीवरच्या माणसाकडून फुकट काम करून घेणं आहे.

‘फुकट’ साधनांचंही तेच. झूमच्या विनामूल्य खात्यावर समूहाची बैठक ४० मिनिटांत संपते. गुगल मीटवर वैयक्तिक विनामूल्य खात्यातून तीन किंवा जास्त जण असले तर ६० मिनिटांत. शैक्षणिक संस्थांना गुगल अमर्याद साठवण देत होतं. २०२१ मध्ये कंपनीने धोरण बदललं आणि २०२२ पासून संस्थेला मिळून १०० टीबीची मूळ मर्यादा लागू झाली. ज्यांनी सगळं तिथेच साठवलं होतं त्यांना आवराआवर करावी लागली. धडा सरळ आहे : फुकट मिळणाऱ्या गोष्टीची अट बदलू शकते. म्हणून साहित्याची एक प्रत आपल्या हार्ड डिस्कवर असावी आणि सोडून जायचं ठरलं तर सगळं बाहेर काढता येतं का, हे कंपनीला डेमोच्या दिवशीच विचारावं.

मुलांच्या माहितीचाही प्रश्न आहे. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे. प्रथम वर्षातली अनेक मुलं १७ वर्षांची असतात. त्यांचा फोन नंबर, फोटो, गुण हे कुठल्यातरी कंपनीच्या ॲपवर टाकायला लावताना ‘सगळेच टाकतात’ हे उत्तर पुरणार नाही.

‘हे सगळं करायला वेळ कुठे आहे?’

हा आक्षेप खरा आहे. अभ्यासक्रम मोठा, सत्र छोटं, त्यात निवडणुकीचं काम, परीक्षेचं काम, कागदपत्रं. म्हणून मी पाचही कामं एकदम सुरू करा म्हणत नाही. एका सत्रात एकच : चौथं, आणि त्याच्या पाठोपाठ पाचवं. आठवड्याला तीन प्रश्न आणि दहा मिनिटं. ही दहा मिनिटं अभ्यासक्रमातून जातात हे मान्य. पण वर्गाला न कळलेल्या मुद्द्यावर पुढची तीन प्रकरणं रचण्यात किती तास जातात, तेही मोजलं पाहिजे.

दुसरा आक्षेप : ‘मुलं एकमेकांचं बघून भरतात.’ गुण ठेवले तर नक्की भरतात. म्हणून गुण ठेवू नका. बक्षीस नाही तिथे कॉपीही नाही.

तिसरा : ‘जी मुलं येतच नाहीत त्यांचं काय?’ इथे साधनाची मर्यादा मान्य करायला हवी. सकाळी दूध घालून आणि दुपारी दुकानात उभं राहून शिकणाऱ्या मुलाला ॲपमुळे वेळ मिळत नाही. त्याला रात्री अकरा वाजता डाउनलोड करून ऐकता येईल असं काही मिळू शकतं आणि ‘तू तीन आठवडे फॉर्म भरला नाहीस, बरं आहे ना?’ असा एक फोन जाऊ शकतो. दुसरी गोष्ट माणसानेच करायची आहे. कोणाला फोन करायचा, एवढं फॉर्म सांगतो.

कंपनीचा माणूस आला तर विचारायचे पाच प्रश्न

१. माझ्या वर्गाला काय कळलं नाही, हे मला यातून कसं आणि किती वेळात कळेल?

२. जुन्या फोनवर, मोबाइल डेटावर चालतं का? आत्ता माझ्या फोनवर दाखवा.

३. एका तासाला किती डेटा जातो?

४. फुकटची मुदत संपल्यावर किती पैसे आणि ते कोण देणार?

५. आम्ही सोडून गेलो तर आमचं साहित्य आणि मुलांची माहिती परत कशी मिळेल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर उरलेले चार विचारायची गरज नाही.

भावाचं पुढे काय झालं?

त्याने कंपनीचं ॲप घेतलं, कारण कॉलेजने घ्यायला लावलं. पण बरोबरीने एक फॉर्मही केला. त्यात पहिला प्रश्न होता : सरळ वर फेकलेला चेंडू सर्वात उंच बिंदूला क्षणभर थांबतो, त्या क्षणी त्याचं त्वरण किती? निम्म्याहून जास्त मुलांनी ‘शून्य’ लिहिलं. वेग शून्य होतो, त्वरण मात्र तेच राहतं, ९.८, खाली. ते शून्य असतं तर चेंडू वरच लटकून राहिला असता.

‘‘दोनदा शिकवलं होतं गं,’’ तो फोनवर म्हणाला. ‘‘विचारलं तेव्हा सगळ्यांनी हो म्हणून मानही हलवली होती.’’

सोमवारी त्याने वर्गात खडू वर फेकला आणि मुलांनाच विचारलं, हा परत खाली का येतो? तास त्यातच गेला. कंपनीच्या ॲपची फुकटची मुदत त्याच आठवड्यात संपली. नूतनीकरणाचा मेल आला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं.